हिब्रू धर्मग्रंथातल्या स्त्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिब्रू धर्मग्रंथातल्या स्त्रियांबद्दल मराठी वाचक जे प्रश्न सतत पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत ख्रिस्ती घरांतली मंडळी आहेत, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबांतली आहेत आणि कुतूहलानं वाचणारे इतरही आहेत. व्यक्तींची आणि ग्रंथांची नावं शक्यतो प्रचलित मराठी बायबलप्रमाणे ठेवली आहेत. ‘शास्ते १३’ किंवा ‘अनुवाद २४’ असं दिसेल तिथे ग्रंथाचं नाव आणि अध्याय समजावा; ‘अनुवाद’ हे इथे एका ग्रंथाचंच नाव आहे. वाचायला सुरुवात करण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं की हा ग्रंथ अनेक शतकांत, अनेक हातांनी घडला. त्यात कायदा आहे, कथा आहेत, शोकगीतं आणि प्रेमगीतंही आहेत, आणि स्त्रीविषयी ती सगळी एका सुरात बोलत नाहीत. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी कोण बोलतंय हे पाहत गेले आहे.

१. तनाख म्हणजे काय? ‘जुना करार’ तोच का?

मजकूर तोच, मांडणी वेगळी. ज्यू परंपरेत तोरा, नबीईम आणि कतुबीम, म्हणजे नियमशास्त्र, संदेष्टे आणि लेख, असे तीन भाग आहेत. त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘तनाख’ हे नाव पडलं. ज्यू मोजणीनं हे २४ ग्रंथ होतात. प्रोटेस्टंट बायबलात तेच वेगळ्या पद्धतीनं मोजून ३९ होतात. कॅथलिक बायबलात आणखी काही ग्रंथ आहेत. शत्रूच्या सेनापतीचं डोकं उडवणारी जुदिथ त्यांपैकी एका ग्रंथात भेटते, तनाखात नाही. भाषा हिब्रू, दानीएल आणि एज्रा यांतला काही भाग अरामी.

मराठीत वाचणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंचं काम विसरू नये. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२मध्ये त्या गेल्या, आणि त्यानंतर केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते प्रसिद्ध झालं.

२. स्त्रियांच्या नावाचे ग्रंथ किती? आणि इतक्या स्त्रियांना नावच का नाही?

रूथ आणि एस्तेर असे दोन. निनावी स्त्रिया मात्र पुष्कळ आहेत: नोहाची बायको, लोटाची बायको, ईयोबाची बायको, इफ्ताहाची मुलगी. वंशावळी बापाकडून मोजायच्या असल्यानं स्त्रीचं नाव नोंदवायची गरज लेखकांना बहुतेक वेळा वाटली नाही.

पण निनावी स्त्री कथेत दुय्यमच असते असं धरू नका. शमशोनच्या आईला नाव नाही (शास्ते १३), तरी देवदूत दोन्ही वेळा आधी तिलाच भेटतो. नवऱ्याला, मानोहाला, नाव आहे. पण देवाला पाहिलं म्हणून आता आपण मरणार अशी भीती त्यालाच वाटते. तिचं उत्तर सरळ आहे: मारायचंच असतं तर त्यानं आपलं अर्पण स्वीकारलं नसतं, आणि हे सगळं आपल्याला सांगितलंही नसतं.

३. स्त्री पुरुषाच्या बरगडीपासून झाली, म्हणजे ती दुय्यमच ना?

उत्पत्तीच्या पुस्तकात निर्मितीची दोन वर्णनं शेजारीशेजारी आहेत. पहिल्या अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिरूपात ‘नर आणि नारी’ असं एकदमच घडवतो, आणि पृथ्वीवरची सत्ता दोघांना मिळून देतो. तिथे आधी-नंतर काही नाही. बरगडी येते ती दुसऱ्या अध्यायात. ‘मनुष्याने एकटे असावे हे बरे नाही’ ही तिथली अडचण आहे, आणि प्राण्यांपैकी कुणीही त्याला साजेसा सोबती ठरत नाही. मग स्त्री येते आणि तो आनंदानं ओळख पटल्यासारखा बोलतो: हाडातलं हाड, मांसातलं मांस.

नंतर घडलं ते खालचं, असं हा मजकूर म्हणत नाही. तसं असतं तर पहिल्या अध्यायात सगळ्यात शेवटी घडलेला मनुष्य माशांपेक्षा खालचा ठरला असता. ‘तो तुझ्यावर स्वामित्व चालवील’ हे वाक्य तिसऱ्या अध्यायात येतं, बाग हातची जाताना, कष्ट आणि प्रसूतिवेदनांच्या रांगेत. सृष्टी चांगली आहे असं देव म्हणतो तेव्हा हे स्वामित्व त्यात नाही.

४. हव्वेनं सफरचंद खाल्लं आणि जगात पाप आलं, असंच आहे ना?

सफरचंद कुठेही नाही. फक्त ‘फळ’ आहे. ‘पाप’ हा शब्दही उत्पत्तीच्या त्या तिसऱ्या अध्यायात नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, आदाम-हव्वेचा मुलगा काइन याच्या संदर्भात, म्हणजे त्यानं भावाचा खून करण्याआधी. फळ खाताना आदाम दूर कुठे गेला होता हीसुद्धा नंतरची कल्पना. मजकूर सांगतो की तिनं ‘आपल्याबरोबर असलेल्या’ नवऱ्याला दिलं आणि त्यानं खाल्लं. त्यानं विरोध केल्याची नोंद नाही.

याहून लक्षणीय म्हणजे उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायानंतर संपूर्ण तनाखात हव्वेचं नाव पुन्हा येतच नाही. एकाही संदेष्ट्यानं इस्राएलच्या दुर्दशेचं खापर तिच्यावर फोडलेलं नाही. स्त्रीपासून पापाची सुरुवात झाली हे वाक्य बेन सीराच्या ग्रंथात सापडतं. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला आणि तनाखाबाहेरचा. पुढे ख्रिस्ती परंपरेत ते मत पक्कं होत गेलं.

५. आदामाची पहिली बायको लिलिथ कुठे आहे?

तनाखात ती गोष्ट नाही. यशया ३४मध्ये ओसाड अवशेषांत वावरणाऱ्या प्राण्यांच्या यादीत हा शब्द एकदाच येतो. आदामाशी भांडून निघून गेलेल्या पहिल्या बायकोची कथा मध्ययुगीन आहे.

६. देव पुरुष आहे का?

हिब्रूत नपुंसकलिंग नाही. प्रत्येक नाम पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असतं, आणि क्रियापदही त्याप्रमाणे बदलतं. देवासाठी क्रियापदं पुल्लिंगी वापरली आहेत आणि राजा, योद्धा, पती या प्रतिमाही. पण देव लग्न करतो, त्याला मुलं होतात, अशा कथा शेजारच्या संस्कृतींत मुबलक असूनही तनाखात नाहीत. (त्याच्या ‘बायको’च्या शिलालेखांबद्दल प्रश्न १६ पाहा.)

शिवाय आईच्या प्रतिमाही आहेत, आणि त्या ऐन महत्त्वाच्या जागी आहेत. यशया ४२मध्ये देव स्वतःला प्रसूतिवेदनांनी ओरडणारी स्त्री म्हणवतो. ४९मध्ये विचारतो, आई अंगावर पिणाऱ्या लेकराला विसरेल काय? तिला विसर पडला तरी मला पडणार नाही. ६६मध्ये आई सांत्वन करते तसं सांत्वन करीन म्हणतो. अनुवादाच्या ३२व्या अध्यायात तो इस्राएलला जन्म देणारा आहे.

७. मुलींना वारसाहक्क होता का?

मुलगा असताना नव्हता. मुलगा नसेल तर होता, आणि तो पाच बहिणींनी मागून मिळवला.

गणना २७मधला हा प्रसंग सावकाश वाचण्यासारखा आहे. इस्राएल लोक मोशेच्या पुढारीपणाखाली मिसरातून (इजिप्तमधून) निघून वाटेवर असताना सलाफहाद रानात वारला, मागे पाच मुली: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. जमिनीची वाटणी वडिलांच्या नावानं व्हायची होती. या पाचजणी मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर दर्शनमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) दाराशी उभ्या राहिल्या. मुलगा नव्हता एवढ्यावरून आमच्या बापाचं नाव कुळातून का जावं, आम्हाला वतन द्या, असं त्या म्हणाल्या. मोशेनं स्वतः निकाल दिला नाही, देवापुढे प्रश्न ठेवला. उत्तर आलं की त्या म्हणतात ते बरोबर आहे. आणि तो निकाल त्यांच्यापुरता न राहता कायदा झाला.

त्यांचा युक्तिवाद बापाच्या नावासाठी होता हे खरं. त्या चौकटीत तोच चालू शकत होता, आणि त्यांनी तो नेमका ओळखला. याच ग्रंथाच्या ३६व्या अध्यायात कुळाचे पुढारी तक्रार घेऊन येतात की मुली दुसऱ्या वंशात गेल्या तर जमीनही जाईल. तेव्हा त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट घातली जाते. हक्क राहिला, पण आवळला गेला. ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात मात्र मुलगे असूनही बाप तिन्ही मुलींना वतन देतो. सातही मुलगे निनावी राहतात आणि मुलींची नावं नोंदली जातात.

८. हुंडा होता का? घटस्फोट स्त्रीला मागता येई का?

देणं-घेणं आपल्याकडच्या हुंड्याच्या उलट दिशेनं होई. मुलाकडून मुलीच्या बापाला मोल दिलं जाई. याकोबानं पैशाऐवजी सात वर्षं राबून ते फेडलं, आणि फसवणूक झाल्यावर आणखी सात. बाप मुलीबरोबर दासी किंवा जमीनही देई. कालेबाची मुलगी अखसा जमीन मिळाल्यावर बापाकडे पुन्हा जाऊन पाण्याचे झरेही मागून घेते (यहोशवा १५). पुरुषाला अनेक बायका चालत. स्त्रीला अनेक नवरे नाहीत. व्यभिचाराची व्याख्याही विवाहित स्त्रीभोवतीच आखलेली होती.

अनुवाद २४मध्ये सूटपत्र लिहिणारा नवराच आहे. स्त्रीनं ते द्यावं असा नियम तनाखात नाही. पण प्रत्यक्ष जगणं नेहमी ग्रंथाबरहुकूम चालत नव्हतं. नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ज्यू सैनिकांची वसाहत होती. तिथले पपायरसवरचे करार सापडले आहेत. त्यांत मिब्ताह्या नावाच्या स्त्रीचं स्वतःचं घर आहे. तिच्या विवाहकरारात असं कलम आहे की तिनं सभेत उभं राहून ‘मला हा नवरा नको’ असं जाहीर केलं, तर ठरलेली रक्कम भरून, आपलं सामान घेऊन ती हवी तिथे जाऊ शकते.

९. दिराशी लग्नाचा नियम म्हणजे विधवेवर सक्तीच ना?

नियम अनुवाद २५मध्ये आहे: निपुत्रिक मेलेल्याच्या विधवेशी त्याच्या भावानं लग्न करावं, आणि पहिला मुलगा मृताच्या नावाचा धरावा. स्त्रीची संमती विचारलेली नाही, हे मान्य केलंच पाहिजे. पण दीर नाकारत असेल तर तक्रार घेऊन वेशीवर वडीलमंडळींकडे जायचा अधिकार तिचा. सगळ्यांसमोर त्याच्या पायातली वहाण काढून ती त्याच्या तोंडावर थुंकते. त्या समाजात निपुत्रिक विधवेला जमीन नाही, आधार नाही. टाळाटाळ करणाऱ्या पुरुषांना जाब विचारायचं हे तिच्या हातातलं साधन होतं.

उत्पत्ती ३८मध्ये तामारला हे साधनही मिळत नाही. सासरा यहूदा धाकट्या मुलाचं आश्वासन देऊन तिला माहेरी पाठवतो आणि विसरतो. ती बुरखा घेऊन वाटेवर बसते, यहूदा तिला वेश्या समजतो, आणि ती त्याची मुद्रा, गोफ आणि काठी गहाण ठेवून घेते. ती गरोदर असल्याचं कळताच तो म्हणतो, जाळा तिला. ती गहाण वस्तू पाठवते. यहूदाचे शब्द आहेत: ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. दावीद राजाचा वंश याच स्त्रीपासून चालतो.

१०. विटाळाचे नियम आपल्याकडच्या ‘बाजूला बसण्या’सारखेच का?

काही साम्य आहे, फरक मोठे आहेत. लेवीय १५ प्रमाणे मासिक पाळीत स्त्री सात दिवस अशुद्ध. तिच्या अंथरुणाला किंवा आसनाला शिवणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध. पण त्याच अध्यायात आधी पुरुषाचे स्राव येतात, आणि वीर्यस्खलनानं पुरुषही संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतो. प्रेताला शिवणारा तर सात दिवस. अशी अशुद्धता म्हणजे पाप नव्हे. पवित्रस्थानाजवळ जाता येत नाही, एवढाच मुख्य परिणाम. तिनं स्वयंपाक करू नये, घराबाहेर बसावं, प्रार्थना करू नये, असं त्या अध्यायात काहीही नाही. उत्पत्ती ३१मध्ये पाळीचं कारण सांगून बसून राहिलेली याकोबाची बायको राहेल आपल्या तंबूतच आहे. बाप तिथे झडती घेतोय, आणि चोरलेल्या गृहदेवता तिच्या बैठकीखाली आहेत. पाळीच्या काळात शरीरसंबंधाला मात्र कडक बंदी आहे (लेवीय १८ आणि २०).

अवघड जागा लेवीय १२. मुलगा झाला तर बाळंतिणीचे एकूण ४० दिवस, मुलगी झाली तर ८०. कारण दिलेलं नाही. अनेक स्पष्टीकरणं सुचवली गेली आहेत, मला त्यातलं एकही पुरेसं वाटत नाही.

११. स्त्रिया याजक होत्या का? संदेष्ट्या?

याजकपद मोशेचा भाऊ अहरोन याच्या पुरुष वंशजांनाच होतं. दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख येतो, आणि पितळी गंगाळ त्यांच्या आरशांचं केलं होतं (निर्गम ३८). त्यांची सेवा नेमकी कोणती ते मजकूर सांगत नाही.

संदेष्ट्या मात्र होत्या. मिर्याम, दबोरा, हुल्दा, नोअद्या आणि यशयाची बायको यांना हे नाव दिलेलं आहे. तालमूद या रब्बींच्या ग्रंथातली सात संदेष्ट्यांची यादी वेगळी आहे: सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा, एस्तेर.

हुल्दाबद्दल फार कमी लोक विचारतात याचं मला वाईट वाटतं. योशीया राजाच्या अठराव्या वर्षी, इसवी सनापूर्वी ६२२च्या सुमारास, मंदिराच्या दुरुस्तीत नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. राजानं वस्त्रं फाडली आणि ‘परमेश्वराला विचारा’ म्हणून मुख्य याजकासह पाच वजनदार पुरुषांना पाठवलं. यिर्मया संदेष्टा तेव्हा संदेश देऊ लागला होता. तरी ते पाचजण गेले यरुशलेमेत राहणाऱ्या, राजवस्त्रांच्या रखवालदाराच्या बायकोकडे, हुल्दाकडे. ग्रंथातली वचनं खरी होतील असं तिनं स्पष्ट सांगितलं, राजाचा मुलाहिजा न ठेवता. त्यानंतर योशीयाची धर्मसुधारणा सुरू झाली. तो ग्रंथ म्हणजे अनुवादाचा गाभा असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे धर्मशास्त्र म्हणून मान्य झालेल्या मजकुरावर पहिला शिक्का असा एका स्त्रीचा आहे. आणि ती स्त्री होती याबद्दल २ राजे २२मध्ये कुणी आश्चर्याचा एक शब्दही काढत नाही.

१२. मोशेविरुद्ध त्याची बहीण मिर्याम आणि अहरोन दोघं बोलले. कोड फक्त तिलाच का?

गणना १२मध्ये याचं कारण सांगितलेलं नाही. हिब्रूत त्या अध्यायाचं पहिलं क्रियापद एकवचनी स्त्रीलिंगी आहे, ‘मिर्याम बोलली, आणि अहरोनही’ अशी रचना. म्हणून पुढाकार तिचा होता असं जुने भाष्यकार म्हणतात. कोड झालेला याजक सेवा करू शकला नसता, हेही एक उत्तर दिलं जातं. तरी वाचताना अन्याय जाणवतो, आणि तो जाणवू द्यावा. ती सात दिवस छावणीबाहेर होती, आणि ती परत येईपर्यंत लोक पुढे हलले नाहीत. शतकांनंतर मीखा संदेष्टा (६:४) मोशे, अहरोन आणि मिर्याम अशी तिघांची नावं घेतो, तुम्हाला मिसरातून सोडवायला मी यांना पाठवलं म्हणून.

१३. दबोरा आणि याएल यांना ‘वीरांगना’ म्हणावं का?

दबोरा त्याआधी न्यायाधीश आहे. एफ्राईमच्या डोंगरात ती खजुरीखाली बसते आणि लोक तंटे घेऊन येतात. शत्रूचा सेनापती सीसरा याच्यापाशी ९०० लोखंडी रथ आहेत. इस्राएलचा सेनानी बाराक दबोरेला म्हणतो, तू येशील तर मी जाईन. ती जाते, पण सांगते की मान एका स्त्रीला मिळेल. पळून आलेल्या सीसराला याएल दूध पाजते, पांघरूण घालते, आणि तो झोपल्यावर कानशिलात तंबूची मेख ठोकते.

शास्तेच्या पाचव्या अध्यायातलं दबोरेचं गीत हिब्रूतल्या सर्वांत जुन्या काव्यांत गणलं जातं. मी वाचकांना त्याचा शेवट वाचायला सांगते. सीसराची आई खिडकीशी उभी आहे, रथ का येत नाही म्हणून. तिच्या शहाण्या सख्या समजूत घालतात: लूट वाटून घेत असतील, प्रत्येकाला एक-दोन पोरी. एक आई मुलाची वाट पाहताना दुसऱ्यांच्या मुली लुटीत मोजते आहे. विजयाच्या गाण्यात युद्धातलं स्त्रियांचं नशीब इतक्या थेट सांगितलेलं दुसरीकडे क्वचितच सापडेल. बंदी करून आणलेल्या स्त्रीबद्दलचा कायदा अनुवाद २१मध्ये आहे: तिला महिनाभर आईबापांचा शोक करू द्यावा, आणि नको झाली तर मोकळं सोडावं, विकू नये. तिला विचारावं असं मात्र तोही म्हणत नाही.

१४. बथशेबानं दाविदाला मोहात पाडलं का?

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा ११वा अध्याय तसं म्हणत नाही. गच्चीवर दावीद आहे. ती अंघोळ करते आहे, कुठे ते लिहिलेलं नाही. त्यानं चौकशी केली, माणसं पाठवली, तिला आणवलं. मग तिचा नवरा उरीया याला मारवलं. नाथान संदेष्टा येतो तेव्हा त्याच्या दृष्टान्तात ती गरिबाची एकुलती मेंढी आहे, आणि ‘तो मनुष्य तूच’ हे बोट फक्त दाविदाकडे आहे. तिला कुणीही दोष दिलेला नाही.

१५. बलात्कार करणाऱ्याशीच मुलीचं लग्न लावा, असा नियम खरंच आहे का?

अनुवाद २२च्या शेवटी असा नियम आहे, आणि तो गुळगुळीत करून सांगू नये. मागणी न झालेल्या मुलीला धरून पुरुष निजला आणि ते सापडले, तर त्यानं बापाला ५० शेकेल चांदी द्यावी, तिच्याशी लग्न करावं, तिला कधी सोडू नये. हा प्रसंग जबरदस्तीचाच आहे का यावर मतभेद आहेत. निर्गम २२मधल्या जवळच्या नियमात फूस लावल्याचा प्रसंग आहे आणि बापाला नकार देता येतो. कायद्याला दिसतं ते कुळाचं नुकसान. मुलीला काय हवं हा प्रश्न तो विचारत नाही. मागणी झालेल्या मुलीवर रानात जबरदस्ती झाली तर मात्र मरणदंड फक्त पुरुषाला. ती ओरडली असेल पण वाचवायला कुणी नव्हतं असं धरायचं, आणि हे शेजाऱ्याच्या खुनासारखंच मानायचं.

जे कायदा विचारत नाही ते कथा विचारते. २ शमुवेल १३मध्ये दाविदाची मुलगी तामार (यहूदाच्या सुनेहून वेगळी) सावत्र भाऊ अम्नोनला विनवते: इस्राएलात असं करत नाहीत, मी माझी लाज कुठे नेऊ? तो ऐकत नाही, आणि नंतर तिला हाकलतो. ती गप्प बसत नाही. डोक्यावर राख घालते, अंगरखा फाडते आणि रडत रस्त्यानं जाते. सख्खा भाऊ अबशालोम म्हणतो, गप्प राहा. बाप दावीद संतापतो आणि काहीच करत नाही. राजघराण्याची पडझड इथून सुरू होते. अबशालोमानं पुढे आपल्या मुलीचं नाव तामार ठेवलं.

१६. देवाला अशेरा नावाची बायको होती म्हणतात. खरं का?

सिनाईतल्या कुंतिलेत अज्रुद इथे १९७५-७६मध्ये झालेल्या उत्खननात इसवी सनापूर्वी ८००च्या आसपासच्या मोठ्या रांजणांवर ‘शोमरोनचा याव्हे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावानं आशीर्वाद लिहिलेले सापडले. याव्हे हे इस्राएलच्या देवाचं नाव. इथे अशेरा म्हणजे देवी की तिचं प्रतीक असलेला पवित्र खांब, यावर अभ्यासकांत एकमत नाही. इस्राएलातले पुष्कळ लोक तिला भजत होते हे तनाखच सांगतो. मंदिरात तिच्यासाठी स्त्रिया वस्त्रं विणत (२ राजे २३).

यिर्मया ४४मध्ये मिसरात पळून गेलेल्या स्त्रिया संदेष्ट्याला तोंडावर सांगतात: आकाशाच्या राणीला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर भाकर होती, ते थांबवलं आणि सगळं गेलं. आणि आम्ही हे नवऱ्यांना न विचारता करत होतो काय? संदेष्ट्याला हे साफ अमान्य आहे. तरी ग्रंथानं त्यांचं म्हणणं पुसलं नाही.

१७. रूथ परदेशी असून गौरवली गेली. मग एज्रानं परदेशी बायका का हाकलल्या?

दोन्ही बाजू तनाखात आहेत आणि त्यांचं जुळत नाही. मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशातल्या, माणसाला परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये असं अनुवाद २३ म्हणतो. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांमध्ये याजक एज्रा (अध्याय ९-१०) परदेशी बायका मुलांसकट पाठवून द्यायला लावतो; समूह विरून जाईल ही भीती त्यामागे आहे. त्या बायकांचं एकही वाक्य नोंदलेलं नाही. दुसरीकडे रूथ पानोपानी ‘मवाबी’ म्हणवली जाते आणि दाविदाची पणजी ठरते. बेथलेहेमच्या बायका नामीला म्हणतात, ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे. बाळाचं नावही शेजारणीच ठेवतात.

१८. शास्ते १९ वाचून झोप लागली नाही. अशी कथा धर्मग्रंथात का?

लेवी वंशातल्या एका माणसाच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार होतो, कारण नवऱ्यानं स्वतःला वाचवायला तिला बाहेर ढकललं. तिला नाव नाही, एक शब्दही नाही. लेखक काय सांगतोय ते या भागात परत परत येणाऱ्या वाक्यात आहे: त्या काळी राजा नव्हता, जो तो आपल्याला बरं दिसेल ते करी. समाज किती खाली गेला याचं ते मोजमाप आहे. इफ्ताहाच्या मुलीचंही तसंच (शास्ते ११): बापाच्या अविचारी नवसाची किंमत ती भरते, आणि देवानं तो नवस मागितला होता असं कुठेही नाही. इस्राएलाच्या मुली वर्षातून चार दिवस तिच्यासाठी शोक करत.

याच संदर्भात शौल राजाची उपपत्नी रिस्पा वाचावी (२ शमुवेल २१). राजकारणात तिचे दोन मुलगे फाशी जातात. जवाच्या हंगामापासून पाऊस पडेपर्यंत ती खडकावर गोणपाट पसरून बसते, दिवसा पक्षी आणि रात्री श्वापदं हाकलत. ती एक शब्द बोलत नाही. शेवटी दावीद राजाला सगळ्यांच्या अस्थींची सोय करावी लागते.

१९. नीतिसूत्रे ३१ची ‘सद्गुणी स्त्री’ म्हणजे घरात राबणारी बाई ना?

ती शेत पारखून विकत घेते, कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विकते, गरिबाला हात देते. ही २२ कडवी हिब्रू वर्णमालेच्या क्रमानं आहेत, आणि ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी म्हटली जातात. ती दिवा विझू देत नाही, म्हणजे झोपही कमीच. आदर्श थकवणारा आहे हे खरं. स्त्रीच्या इच्छेचा आवाज हवा असेल तर गीतरत्न वाचा. तिथे स्त्री जास्त बोलते, आरंभही तिचा आणि शेवटही.

२०. समलैंगिक आणि तृतीयपंथी व्यक्तींबद्दल काय म्हटलंय?

लेवीय १८ आणि २०मध्ये पुरुषानं पुरुषाशी संबंध ठेवण्याला मनाई आहे. स्त्री-स्त्री संबंधांचा उल्लेख तनाखात नाही. अनुवाद २२:५ एकमेकांचा पोशाख घालायला मनाई करतो. खच्ची झालेल्या पुरुषाला अनुवाद २३ मंडळीत घेत नाही. पण यशया ५६ त्याच माणसाला म्हणतो: ‘मी शुष्क झाड आहे’ असं म्हणू नकोस, माझ्या घरात मी तुला मुलामुलींहून उत्तम असं स्मारक आणि नाव देईन. यरुशलेममधल्या ‘याद वाशेम’ या ज्यू नरसंहाराच्या स्मारकाचं नाव याच वचनातून घेतलेलं आहे.

२१. आई ज्यू तर मूल ज्यू, हा नियम तनाखातला का?

नाही. तनाखात वंश बापाचा. योसेफाची बायको मिसरी, मोशेची मिद्यानी, आणि त्यांच्या मुलांबद्दल कुणी शंका घेत नाही. आईकडून ओळख ठरवणारा नियम इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या रब्बींच्या कायदेसंग्रहात दिसतो.

बेने इस्राएल वाचक हा प्रश्न विचारतात त्याला कारण आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलच्या प्रमुख रब्बी कार्यालयानं लग्ननोंदणीआधी त्यांची वंशावळ तपासण्याचे आदेश काढले. शंका अशी की कोकणात शतकानुशतकं वेगळ्या राहिलेल्या या समाजात सूटपत्राचे आणि दिरविवाहाचे नियम (प्रश्न ८ आणि ९) पाळले गेले असतील का. सूटपत्राविना दुसरं लग्न केलेल्या स्त्रीच्या मुलांना रब्बी कायद्यात लग्नाची अडचण येते. म्हणजे पणजी-खापरपणजीच्या लग्नांचे पुरावे रायगडच्या खेड्यांतून आलेल्या माणसांकडे मागितले जात होते. समाजानं आंदोलन केलं, आणि १९६४मध्ये इस्राएलच्या संसदेनं बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत असं जाहीर केलं.